नव्या वर्षाची सुरुवात संध्याकाळी सातला

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे कुठल्याही बागेत जा, नेहमीपेक्षा जास्त गर्दी दिसते. नवे कोरे बूट, कानटोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या. संक्रांत आली की ही गर्दी ओसरू लागते आणि सव्वीस जानेवारीपर्यंत बाकांवर पुन्हा नेहमीचीच मंडळी दिसतात. हे दरवर्षी होतं, आणि दरवर्षी माणसं स्वतःलाच बोल लावतात : आपल्यात चिकाटीच नाही. मला हे निदान चुकीचं वाटतं. रात्री दहाला भरपेट जेवून बारा-साडेबाराला आडवा झालेला माणूस पहाटे साडेपाचच्या गजराला किती दिवस उठेल? आठ-दहा दिवस ओढूनताणून उठेल, मग शरीरच नकार देईल. आपले संकल्प बहुतेक सकाळचे असतात. त्यांची अडचण मात्र आदल्या रात्रीची असते.

म्हणून यंदा स्वतःची काळजी घ्यायची असं ज्यांनी मनावर घेतलं आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे. पहाट तूर्तास जशी आहे तशी राहू द्या. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा एवढ्या साडेतीन तासांकडे आधी बघा. जेवण, चहा, चालणं, फोन, झोप आणि घरातल्या बाईचं थकणं, हे सगळं या साडेतीन तासांत एकमेकांत अडकलेलं आहे. त्यातला एक धागा सोडवला की पुढचा आपोआप सैल होतो.

सुरुवात जेवणाच्या वेळेपासून करू. शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही रात्रीची पानं नऊ-साडेनऊच्या आधी मांडली जात नाहीत. त्याला खरी कारणं आहेत. कामावरून सुटून गाडी पकडायची, तास-दीड तास उभ्याने प्रवास करायचा, येताना भाजी घ्यायची, मुलांचा क्लास सुटायचा असतो. पण उशिरा जेवलेलं शरीराला कसं लागतं हे एकदा समजून घ्यायला हवं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० निरोगी माणसं, एकच जेवण, एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिलेलं. झोपायची वेळ दोन्ही वेळा अकराच. दहाच्या जेवणानंतर रक्तातली साखर साधारण १८ टक्के जास्त उंचीवर गेली आणि रात्रभरात जळणारी चरबी सुमारे १० टक्क्यांनी घटली. ताटात काहीही बदललं नव्हतं, फक्त घड्याळ बदललं होतं.

याचं कारण आपल्या पेशींमध्येच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत चोवीस तासांचं एक घड्याळ चालतं. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दिवस मावळला की मेंदू मेलाटोनिन सोडू लागतो. ते झोपेची तयारी करतं, आणि त्याच वेळी स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनचा ओघही मंदावतो. सकाळी जी पोळी सहज पचते आणि वापरली जाते, तीच रात्री दहाला खाल्ली तर तिच्यातली साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते.

आपल्या लोकांना हे जरा जास्तच लागू आहे. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षं मधुमेहावर काम केलं आहे. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन यूडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा : २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर मॅरेथॉन धावणाऱ्या यूडकिन यांची ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण त्या एका फोटोने जगापुढे मांडली. 'मी तर बारीकच आहे, मला कशाला काळजी' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवावा असं मला वाटतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली आलेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

सातला जेवा, असं सरसकट सांगणं सोपं आहे. सातला जो माणूस अजून गाडीतच उभा आहे त्याने काय करायचं? माझ्या मते त्याने रात्रीच्या जेवणाचे दोन भाग करावेत. सहा-साडेसहाला, निघायच्या आधी किंवा प्रवासात, पोटाला आधार होईल असं काही खाऊन घ्यायचं : डब्यात वेगळी ठेवलेली उसळ, दोन उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एखादं फळ. मग घरी आल्यावर ताटभर जेवायची भूक उरत नाही; भाकरी-भाजी किंवा वरण-भात थोडका पुरतो. स्टेशनबाहेरचा वडापाव भुकेच्या ज्या वेळेवर टपून असतो, ती वेळच यामुळे भरून निघते. जे घरी असतात किंवा ज्यांचं काम घराजवळ आहे, त्यांनी मात्र आजच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधी पानं घ्यावीत, आणि दोन-तीन आठवड्यांनी आणखी अर्धा तास.

ताटातही एक उणीव असते. पोळी, भात आणि बटाट्याची भाजी असं जेवण पोट भरतं, पण त्यात प्रथिनं जेमतेम असतात. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीने त्यातला फारच थोडा वाटा भागतो. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम कोरड्या कडधान्यातून ६ ते ७ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून साधारण तेवढेच. म्हणजे दिवसातून दोनदा दाट डाळ किंवा उसळ, शिवाय दही-ताक, शेंगदाणे, अंडी किंवा मासळी, असं जुळवून आणावं लागतं. मोड आलेली मटकी हा यातला सगळ्यात स्वस्त आणि आपल्या जिभेला ओळखीचा उपाय. रात्री आवरताना मटकी भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. जानेवारीच्या थंडीत मोड यायला उशीर लागतो, म्हणून फडकं कोमट पाण्यात पिळून घ्यायचं आणि पुरचुंडी झाकणाच्या पातेल्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड दिसले की कांदा-खोबरं, थोडा गोडा मसाला, आणि वीस मिनिटांत उसळ तयार. गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळलं तर कडधान्यातलं लोहही अंगी जास्त लागतं.

ताटातला क्रम बदलूनही फायदा होतो. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खायची आणि पोळी-भात त्यानंतर घ्यायचा, तर जेवणानंतर साखर कमी वर जाते, हे मधुमेही माणसांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. यासाठी वेगळं काही विकत आणायला लागत नाही, कुणाला वेगळं रांधायलाही लागत नाही.

आता शतपावली. आपल्या आजी-आजोबांच्या घरात जेवणानंतर अंगणात किंवा गॅलरीत फेऱ्या घालायची पद्धत होती, आणि ती का मोडली तर अंगण गेलं आणि टीव्ही आला, इतकं साधं आहे. ती पुन्हा सुरू करण्यासारखा स्वस्त आणि गुणकारी बदल मला दुसरा दिसत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मधुमेह असलेल्या ४१ जणांना काही दिवस असं सांगितलं गेलं की दिवसातून केव्हाही एकदम तीस मिनिटं चाला; आणि काही दिवस असं की तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. एकूण चालणं तेवढंच. तरीही जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी निघाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. यामागचं कारण सरळ आहे. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू. ते हलू लागले की रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत. जेवणातली साखर रक्तात उतरत असते नेमक्या त्याच वेळी तिला गिऱ्हाईक मिळतं.

दहा मिनिटं पुरतात. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, किंवा बाहेर सुरक्षित नसेल तर घरातल्या घरात हॉल ते स्वयंपाकघर. धापा टाकत चालायचं नाही. शेजारच्याशी बोलता येईल अशा चालीने. आणि जमलं तर एकट्याने नको. घरातल्यांशी किंवा शेजाऱ्यांशी दिवसभरात जे बोलणं राहून जातं ते या दहा मिनिटांत होतं. परगावी असलेल्या बहिणीला किंवा जुन्या मित्राला फोन करायलाही हीच वेळ चांगली.

इथे दहा हजार पावलांचं काय, असा प्रश्न येईल, कारण मनगटावरची घड्याळं तोच आकडा दाखवत राहतात. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. पुढे २०१९ साली अमेरिकेत सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांची पाहणी झाली, त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज २,७०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण साडेसात हजारांनंतर फायदा वाढायचा थांबला. घड्याळात दहा हजार भरले नाहीत म्हणून ज्यांनी चालणंच सोडलं, त्यांच्यासाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. आज दोन हजार होत असतील तर चार हजार हेच खरं ध्येय.

चालण्याने स्नायू टिकतात पण फारसे वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते, आणि तोच आपल्याकडे सर्रास गाळला जातो. त्यासाठी जिम लागेलच असं नाही. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायची, ओट्याला हात लावून तिरकं होत दंड काढायचे, एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं. पन्नाशीनंतर हा तोल सांभाळता येणं फार मोलाचं, कारण म्हातारपणी बाथरूममध्ये घसरून मोडलेलं खुब्याचं हाड पुढचं सगळं आयुष्य बदलून टाकतं.

चहाबद्दल बोलल्याशिवाय मराठी घरातली संध्याकाळ पुरी होत नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या दोन वेळा बदलण्यासारख्या आहेत. पहिली, संध्याकाळी सहा-सातचा चहा. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीराबाहेर जायला पाच-सहा तास लागतात. सातचा चहा रात्री बारालाही निम्मा अंगात असतो. दिवसभर मेंदूत झोपेचा दाब वाढवणारं ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. कॅफिन त्याचीच वाट अडवतं. माणसाला वाटतं आपल्याला झोपच कमी लागते. शेवटचा चहा चारच्या आत घ्यायचा, एवढं केलं तरी अनेकांची झोप सुधारते. दुसरी वेळ जेवणाला लागून असलेली. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह बांधून ठेवतात, म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितली आहे. साखरेचा हिशेबही इथेच करून टाकू. त्याच मार्गदर्शिकेत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास धरली आहे. कपाला दोन चमचे असे तीन चहा घेतले की ती तिथेच संपली. बिस्किटं आणि तिळगूळ अजून बाकीच आहेत. साखर एकदम तोडू नये. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करावा, जीभ कुरकुर न करता बदलत जाते.

आता झोप, आणि तिचं सगळ्यात मोठं अडथळ्याचं ठिकाण म्हणजे उशीशेजारचा फोन. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. 'मला सहा तास पुरतात' असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. पंधरवड्याच्या शेवटी लक्ष देण्याच्या चाचण्यांत त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली होती. आणि त्यांना स्वतःला मात्र आपण फार पेंगुळलेलो आहोत असं वाटत नव्हतं. मला या प्रयोगातला हा शेवटचा भाग सगळ्यात काळजीचा वाटतो. ज्याची झोप कमी पडते त्यालाच ते कळत नाही, आणि तोच माणूस सकाळी महामार्गावर गाडी चालवत असतो.

उपाय साधा आहे. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढायचा आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीजवळ लावायचा. गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं जुन्या पद्धतीचं घड्याळ आणायचं. दहाला फोन तिकडे लागला की त्याच्यापर्यंत उठून जायला कंटाळा येतो, आणि हा कंटाळा आपल्या कामी येतो. खोलीतला लख्ख पांढरा दिवा नऊनंतर बंद करून पिवळसर मंद दिवा लावायचा, कारण भगभगीत उजेडात मेंदूला अजून दिवसच वाटत राहतो. सकाळी उठल्यावर मात्र उलट करायचं : गॅलरीत किंवा दारात दहा-पंधरा मिनिटं उन्हाच्या उजेडात उभं राहायचं, मग हातात चहा असला तरी चालेल. शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं आणि रात्रीची झोप वेळेवर येते.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून घरातली बाई विचारेल, आणि तिने विचारलंच पाहिजे : हे सगळं मी कधी करायचं? साडेसातला पानं घ्यायची तर साडेसहापासून ओट्याशी कोण उभं राहणार? मोड कोण काढणार? सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, मग भांडी, ओटा, विरजण, सकाळच्या डब्याची तयारी, मुलाचा गणवेश, आणि साडेअकराला पाठ टेकायची. तिने शतपावली कुठून आणायची?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात सहा वर्षांवरच्या ८१ टक्के बायका-मुली होत्या आणि पुरुष-मुलगे फक्त २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची रोजची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. रोजचे पाच तास. दुसरीकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये. सगळ्यात शेवटी जेवणारीच्या वाट्याला उसळीचा तळ आणि उरलेला भात येतो, जेवण उरकताच तिला चहा लागतो कारण ती थकलेली असते, आणि त्या चहाने जे थोडं लोह पोटात गेलं तेही नीट लागत नाही. या दोन पाहण्या मला वेगवेगळ्या वाटत नाहीत.

म्हणून बायकांना 'स्वतःसाठी वेळ काढा' असं सांगणारे लेख वाचले की मला मनापासून राग येतो. वेळ काढायचा कुठून? तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातून यावा लागतो. मराठी घरातला नव्या वर्षाचा सगळ्यात मोठा आरोग्यबदल म्हणून मी एकच गोष्ट निवडेन : रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी एकत्र बसायचं, तीही पहिल्याच पंगतीला, आणि नंतरचा ओटा तिने आवरायचा नाही. गरम पोळ्यांचा हट्ट रात्रीपुरता सोडायचा. पोळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर काही बिघडत नाही. उरलेलं काढून फ्रिजमध्ये ठेवणं, भांडी विसळणं, ओटा पुसणं, मटकी भिजत घालणं, हे काम बारा वर्षांच्या मुलापासून सत्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत कुणालाही जमतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. 'मी मदत करतो' असंही म्हणू नये. काम आपलंच आहे असं समजून रोज करावं. तोवर ती खाली फेरी मारून येईल, किंवा नुसती पाय पसरून बसेल. काही बायकांना सुरुवातीला हे जड जातं, दुसऱ्याने लावलेली भांडी त्यांना पटत नाहीत. पटवून घ्यावं, बाई. भांडं वाकडं लावलं म्हणून कुणी आजारी पडत नाही.

जानेवारी म्हणजे हळदी-कुंकवाचाही महिना. इतर कुठल्या महिन्यात इतक्या बायका इतक्या सहज एकमेकींच्या घरी जात नाहीत. यंदाच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी कंबर मोजायची टेप द्यायची कल्पना मला आवडेल. आशियाई लोकांसाठी कंबरेचा घेर बाईचा ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाचा ९० सेंटीमीटरच्या आत असावा असं धरतात. सडपातळ दिसणाऱ्या माणसाची आतली चरबी वजनकाट्यापेक्षा ही टेप लवकर सांगते. त्याबरोबर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. रक्तदाब घरच्या यंत्रावर घेताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. जिने चढून आल्या आल्या घेतलेला आकडा उगाच घाबरवतो.

मनाचं दुखणं मात्र फेऱ्या मारून आणि लवकर झोपून नेहमीच सुटतं असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते सांगायला लाजू नये. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र आणि मोफत चालते, आणि मराठीत बोलता येतं.

मग हे सगळं अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? २१ दिवस, असं सगळीकडे सांगितलं जातं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या रूपाची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. खऱ्या सवयींची मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ९६ जणांवर. जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी धावणं अशी एकेक सवय त्यांनी लावून घेतली. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीची घडी मोडत नाही.

आपल्या पंचांगाने याची छान सोय करून ठेवली आहे. इंग्रजी नवं वर्ष एक जानेवारीला, आणि आपलं नवं वर्ष पाडव्याला, म्हणजे मार्चच्या मध्यापासून पुढे केव्हातरी. मधले अडीच-तीन महिने हे जवळजवळ नेमके एका सवयीचे दिवस आहेत. या काळात एकच बदल धरावा, आणि तो ठरलेल्या खुणेला बांधावा : 'जेवून हात धुतले की चपला घालायच्या', 'दहाचे ठोके पडले की फोन बाहेर'. मनातल्या मनात 'यंदा जास्त चालेन' म्हटलेलं टिकत नाही, कारण त्याला वेळ नाही आणि जागाही नाही. याच महिन्यांत लगीनसराई असते, पाहुणे असतात, परीक्षा असतात. लग्नाच्या पंगतीला रात्री दहाला बसावं लागलं तर खुशाल बसावं, जिलबीही घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी हात धुतल्यावर पुन्हा चपला घालाव्यात.

ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवणाची वेळ आणि चालणं बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण डोस जुन्या वेळेवर बसवलेला असतो आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. घोरताना ज्यांचा श्वास मध्येच अडकतो असं घरचे सांगतात, आठ तास झोपूनही जे दिवसा पेंगतात, त्यांची अडचण चार्जर हलवून सुटणारी नाही. त्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी. रात्रपाळीच्या नर्सबाई, पोलीस, सुरक्षारक्षक यांना सातचं वेळापत्रक लागूच पडत नाही. त्यांनी पाळीला जायच्या आधी मुख्य जेवण घ्यावं, मध्यरात्री हलकंच काही खावं, आणि घरी परतताना डोळ्यांवर गडद चष्मा लावून सकाळच्या उन्हापासून झोप वाचवावी.

पाडव्यापर्यंत शतपावली पायांत बसली असेल तर मग दुसरा बदल घ्यावा. तेव्हा ऊन तापू लागलेलं असतं, पहाट लवकर होते आणि सकाळी सहाला बाहेर छान गारवा असतो. पहाटे चालायला जायचा जो बेत जानेवारीच्या थंडीत फसतो, तो चैत्रात पुन्हा करून बघावा.